इंग्रजी आपली नसताना इंग्रजीचं भाषाविज्ञान

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातली मुलगी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, बी.ए. इंग्रजी घेऊन, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ६.५. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाने ‘इंग्लिश लँग्वेज अँड लिंग्विस्टिक्स’ या एका वर्षाच्या एम.ए.साठी ऑफर दिली आहे. ती विचारते, “सर, जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांच्या वर्गात बसून त्यांचीच भाषा मी काय शिकणार? मागे पडेन का? आणि निदान परत येईपर्यंत माझं इंग्रजी तरी पक्कं होईल का?”

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातून याच वाटेने गेलो आणि आता वीसेक वर्षं हाच विषय शिकवतोय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण घोळ तिथेच आहे. हा अभ्यासक्रम इंग्रजी सुधारण्यासाठी नाही. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस वेळेवर येईलच असं नसतं, तसंच हे आहे. तिथे इंग्रजी बोलायला शिकवत नाहीत. इंग्रजी उघडून आत कोणती चाकं कशी फिरतात ते दाखवतात. तिथे राहून, दुकानात, घरमालकाशी, वर्गात बोलून तुमचं इंग्रजी सुधारेलच, पण ते तिथे इतिहास किंवा शेतकी शिकायला गेलात तरी सुधारेल. फक्त इंग्रजी पक्कं करणं हाच हेतू असेल तर एवढा खर्च करू नका.

म्हणजे तुमचा खरा प्रश्न असा होतो: एखादी भाषा अभ्यासायला ती जन्मापासून यावी लागते का? इतिहास तरी नाही म्हणतो. इंग्रजीचं सात खंडांचं अजस्र व्याकरण १९०९ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झालं, ते ओट्टो येस्पर्सन या डेन्मार्कच्या माणसाचं. १९८५ साली आलेलं आणि आजही प्रमाण मानलं जाणारं मोठं व्याकरण चौघांनी लिहिलं, त्यातले यान स्वार्टविक स्वीडनचे. बाहेरून आलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट खटकते आणि खटकली की तो ‘असं का’ विचारतो. घरच्याला उंबरठा दिसत नाही, पाहुणा ठेचकाळतो.

म्हणून तुम्हाला सगळं सोपं जाईल असं नाही. काही विषयांत तुम्ही वर्गाच्या पुढे असाल आणि दोन ठिकाणी नक्की मागे. नक्की कुठे, ते सांगतो.

पुढे असाल ती जागा म्हणजे फोनेटिक्स, उच्चारांचं शास्त्र. माझ्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी सगळ्यांना तोंडासमोर कागदाची पट्टी धरायला लावली आणि ‘पिन’ आणि ‘स्पिन’ म्हणायला सांगितलं. पहिल्या शब्दाला पट्टी हलते, दुसऱ्याला हलत नाही. इंग्रज मुलं चकित. आपण आयुष्यभर दोन वेगळे ‘प’ उच्चारतोय हे त्यांना त्या दिवशी कळलं. मी मनात म्हटलं, ही तर अल्पप्राण-महाप्राणाची गोष्ट, आम्ही ती पाचवी-सहावीत घोकली. ‘काल’ आणि ‘खाल’ यांतला फरक मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. इंग्रजीत त्या फरकाने अर्थ बदलत नाही, म्हणून त्यांचा कान तो टाकून देतो.

ध्वनींचा जो आंतरराष्ट्रीय तक्ता पाठ करावा लागतो तो ओठांपासून सुरू होऊन घशाकडे जातो. आपली वर्णमाला कंठापासून निघून ओठांवर येते. उलट्या बाजूने वाचली की अर्धा तक्ता आलाच. मूर्धन्य म्हणजे काय हे समजवायला तिथे आकृती काढतात, आपल्याकडे ‘ळ’ आणि ‘ण’ आहेत. त्यात मराठीकडे आणखी माल आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, लिहायला एकच, उच्चार वेगळे. ‘चार’ आंबे आणि गुरांना ‘चार’, तसंच. ‘म्हातारा’मधला ‘म्ह’ किंवा ‘न्हाणी’मधला ‘न्ह’ जगातल्या फार थोड्या भाषांत सापडतो. हे तुम्ही वर्गात बोलून दाखवलंत की बाई तुम्हाला दर तासाला उभं करतील. सवय ठेवा.

एक गंमत मला फार उशिरा कळली. इंग्रजीतले ‘व’चे दोन ध्वनी, एक दात ओठावर टेकवून आणि एक ओठ गोल करून, आपल्याला वेगळे काढता येत नाहीत अशी तक्रार आपल्याकडचे सगळे शिक्षक करतात. पण आपलं लेखन बघा. ‘व्हिडिओ’, ‘व्हॅन’, ‘व्हायरस’ लिहितो आणि ‘वॉच’, ‘वायर’, ‘वॉर्ड’ लिहितो. म्हणजे पहिल्याला ‘व्ह’, दुसऱ्याला ‘व’. कुणीतरी कधीतरी तो फरक ऐकला आणि लिहून ठेवला, बोलताना मात्र आपण विसरलो. ‘बॅट’ आणि ‘ऑफिस’साठीही आपण स्वतंत्र खुणा करून घेतल्या. त्यामुळे माझा कान मराठी आहे, मला जमणार नाही, हे म्हणणं सोडा.

फोनेटिक्समध्ये आपण आपटतो ते आघातावर. मराठीत शब्दातला जोर बदलला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे तो ऐकण्याची सवयच नसते. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टो’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रा’वर. जोर सरकला की बाकीचे स्वर झिजतात आणि ‘फो’चा नुसता ‘फ’ उरतो. आपण सगळे स्वर पोळीवर तूप लावावं तसे सारखे पसरतो. ऐकून उच्चार लिहायच्या परीक्षेत माझे निम्मे गुण यातच गेले. उपाय म्हणजे प्राट नावाचा मोफत प्रोग्राम. तो अ‍ॅम्स्टरडॅमच्या दोघा अभ्यासकांनी बनवला आणि डच भाषेत ‘प्राट’ म्हणजे ‘बोल’. आपला आवाज त्यात टाकला की पडद्यावर आलेख दिसतो आणि कानाला न कळलेलं डोळ्याला कळतं. रोज दहा शब्द पुरेत.

इंग्रजीचा इतिहास हा पेपर असेल तर बिनधास्त घ्या. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी वर्गातल्या सगळ्यांनाच परकी असते. तिला विभक्ती होत्या आणि तीन लिंगं होती. इंग्रज मुलांची झोप उडते, कारण त्यांच्या भाषेतून दोन्ही गेलं. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर तुम्हाला हे घरच्यासारखं वाटेल, आणि घेतलं नसेल तरी मराठीची तीन लिंगं आहेतच. आजच्या ‘वुमन’चं जुनं रूप ‘वीफ-मन’, म्हणजे बाई अधिक माणूस. शब्द पुल्लिंगी, अर्थ बाई. आपला ‘बाईमाणूस’ अगदी याच घडणीचा आहे. शब्दसिद्धीच्या तासाला बहुव्रीही आणि द्वंद्व हे शब्द इंग्रज प्राध्यापकाच्या तोंडून येतील, दचकू नका. त्या शास्त्राने ते संस्कृतातून तसेच उचलले आहेत. ‘रेडहेड’ म्हणजे लाल डोकं नव्हे, लाल केसांची व्यक्ती, आपल्या ‘नीलकंठ’सारखं.

आता मागे पडण्याच्या जागा.

पहिली सिंटॅक्सच्या, म्हणजे वाक्यरचनेच्या तासाला. तिथे प्राध्यापक फळ्यावर वाक्य लिहितात आणि विचारतात, “हे कानाला बरोबर वाटतं का?” उदाहरणार्थ, ‘हू डू यू थिंक केम?’ आणि ‘हू डू यू थिंक दॅट केम?’ वर्ग एका सुरात म्हणतो, पहिलं ठीक, दुसरं चूक. मला दोन्ही ठीक वाटायची. खरं तर दोन्ही सारखीच वाटायची, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. इंग्रजीचं ते आतलं ‘बरोबर-चूक’ माझ्याकडे नव्हतं आणि अख्खा विषय त्याच्यावर उभा होता.

त्यातून तीन प्रकारे वाट काढता येते. पहिला, तुम्हाला काय वाटतं त्याऐवजी लोक काय म्हणतात ते मोजा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये दहा कोटी शब्दांची इंग्रजी साठवलेली आहे, त्यातली सुमारे नव्वद टक्के लिखित आणि दहा टक्के बोलीतली. अमेरिकन इंग्रजीचा असाच साठा शंभर कोटी शब्दांच्या पुढे गेला आहे. एखादी रचना तिथे किती वेळा, कोणाच्या तोंडी, कशा लेखनात येते हे अर्ध्या तासात निघतं. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला ही मेहनत घ्यावीशी वाटत नाही, तो ‘मला असं वाटतं’ म्हणून मोकळा होतो. चार-दोन निबंधांनंतर त्याच्यापेक्षा तुमचा पुरावा भक्कम असतो.

दुसरा, लोकांना विचारा, आणि एकाला नव्हे, सहा जणांना. लवकरच लक्षात येईल की त्यांचंही एकमत नाही. ‘द कार नीड्स वॉश्ड’ हे वाक्य ग्लासगोच्या मुलीला अगदी नेहमीचं होतं आणि लंडनच्या मुलाला साफ चूक. दोघांची मायबोली इंग्रजीच. त्या वादात मी पंच झालो, कारण वर्गात तटस्थ तेवढा मीच.

तिसरा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जिथे मुभा असेल तिथे मराठीवर काम करा. ‘त्याने पोळी खाल्ली’मध्ये क्रियापद पोळीच्या लिंगाने चालतं, ‘तो पोळी खातो’मध्ये त्याच्या. ‘मला भूक लागली’मध्ये भूक कर्ता होऊन बसते आणि ‘मी’ची ‘मला’ होते. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांत ऐकणाऱ्याला धरलं की वगळलं हे एका शब्दात कळतं. इंग्रजीत यातलं काहीच नाही. इथे ‘कानाला कसं वाटतं’ या प्रश्नाचं उत्तर वर्गात फक्त तुमच्याकडे असतं. माझा प्रबंध मराठीत आलेल्या इंग्रजी शब्दांच्या लिंगावर होता. बस, कार, ट्रेन स्त्रीलिंगी का? बहुधा ‘गाडी’मुळे. मग फोन पुल्लिंगी का आणि ऑफिस नपुंसकलिंगी का? ‘तो पेन’ म्हणणारे आणि ‘ते पेन’ म्हणणारे एकाच घरात कसे निघतात? आईला, मामाला, कॉलेजच्या मित्रांना फोन करकरून माहिती जमवली. मार्गदर्शक जर्मन होत्या, त्यांच्या भाषेतही तीन लिंगं, त्यामुळे त्यांना माझ्यापेक्षा जास्त मजा आली. बाय द वे, अशा विभागांत शिकवणारे अनेकजण स्वतःच परदेशी असतात. तुम्हाला वाटतो तसा तो इंग्रजांचा वाडा नसतो.

मागे पडण्याची दुसरी जागा लेखन. याची भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते. आपल्याकडे बी.ए.ला काय करतो? गाईड, नोट्स, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, तीन तासांत पुरवण्या जोडून लिहिणं. तिथे तीन-चार हजार शब्दांचा निबंध घरी बसून लिहायचा, त्यात स्वतःचं एक म्हणणं हवं आणि प्रत्येक आधार कुठून घेतला ते सांगायला हवं. माझा पहिला निबंध परत आला तेव्हा समासात लाल शाईने एवढंच होतं, ‘सगळे काय म्हणतात ते कळलं. तू काय म्हणतोस?’ मी तर मोठमोठ्या विद्वानांची वाक्यं शिस्तीत मांडली होती आणि खूश होतो. आपल्याकडे थोरांचं मत आधी आणि स्वतःचं मत जमलंच तर शेवटी, हा नम्रपणा समजला जातो. तिथे तो न केलेला अभ्यास समजतात. आणि दुसऱ्याची वाक्यं अवतरणचिन्हांशिवाय उतरवली, मग भले नकळत, तर सॉफ्टवेअर पकडतं आणि प्रकरण चौकशीपर्यंत जातं. हात जोडून सांगतो, नोट्स काढताना दुसऱ्याचं वाक्य वेगळ्या रंगात लिहा.

गुणांचंही आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर घरी फोन करून रडाल. तिथे एम.ए.ला साधारण ५० ला उत्तीर्ण, ६० च्या पुढे चांगले आणि ७० म्हणजे सर्वोच्च श्रेणी. ६२ मिळाले तर पेढे वाटा.

ऐकण्याचं म्हणाल तर पहिले तीन आठवडे त्रास होईल. आयईएलटीएसच्या ध्वनिफितीतलं इंग्रजी बसमध्ये कुणी बोलत नाही. आणि उत्तर इंग्लंडमध्ये ती ‘बस’ नसतेच, ‘बुस’ असते, ‘कप’चा ‘कुप’ होतो. मग ते वैतागाचं कारण न राहता अभ्यासाचा विषय होतं, हा आपल्या विषयाचा एक फायदा. स्वतःचे उच्चार बदलायच्या नादी लागू नका. भारतीय इंग्रजी ही भाषाविज्ञानात रीतसर मान्य असलेली बोली आहे. ब्रज काचरू या मूळच्या काश्मिरी भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिका, दुसऱ्यात भारतासारखे देश जिथे इंग्रजी कचेरी-कोर्टात रुजली, तिसऱ्यात ती निव्वळ परकी म्हणून शिकणारे. त्या हिशोबाने आपण धड परकेही नाही. प्रवेशासाठी परीक्षा मात्र परक्यासारखी द्यावी लागते, ते वेगळं.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी इथून ठरवू शकत नाही, त्याबद्दल. परत येऊन सीनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचं असेल तर सावध व्हा. आपल्याकडच्या जागा ‘इंग्रजी’च्या असतात आणि इंग्रजीची नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, मुख्यतः साहित्याची. भाषाविज्ञानाची नेट हा वेगळा विषय आहे आणि त्या जागा मोजक्या. या एम.ए.त साहित्य जवळजवळ नसतं, म्हणजे ती तयारी तुम्हाला वेगळी करावी लागेल. एका वर्षाच्या पदवीच्या मान्यतेचा जुना घोळ २०२२ साली भारत-ब्रिटन करारानंतर बराच सुटला आहे. तरी जिथे नोकरी करायची त्या विद्यापीठाला आधी लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. भाषा-तंत्रज्ञान, कोशाचं काम, पाठ्यपुस्तकं किंवा पुढे पीएच.डी. असा विचार असेल तर मात्र ही पदवी उपयोगी पडते, आणि मराठी चांगली येणं हे तिथे तुमचं दुसरं भांडवल.

आणि पैसे. शिष्यवृत्ती असेल तर जा. शेत विकून किंवा घर गहाण टाकून जायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, जाऊ नका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचं एम.ए. करता येतं. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर तिथेच होते, ज्यांनी कॉर्नेलला मराठीच्या ध्वनी आणि रूपांवर प्रबंध लिहिला. हैदराबादची इफ्लू (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) १९५८ साली इंग्रजी शिक्षणाची केंद्रीय संस्था म्हणून सुरू झाली आणि २००७ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. दोन्हीकडे खर्च ब्रिटनच्या तुलनेत किरकोळ आहे. तिथून पाया घालून शिष्यवृत्तीवर पीएच.डी.ला बाहेर जाणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. दोन वर्षं उशीर झाला म्हणून त्यांचं काही बिघडलेलं दिसलं नाही.

जायचं ठरलंच तर सप्टेंबरपर्यंतचे महिने असे घालवा. तुम्ही आयईएलटीएसचा एकूण आकडा दिलात, लेखनाचा वेगळा दिला नाहीत. तो ६च्या खाली असेल तर बाकी सगळं सोडून रोज एक पान लिहा आणि कुणाला तरी दाखवा. विद्यापीठाकडून पहिल्या सत्राची वाचनयादी मागून घ्या, मागितली की देतात. ध्वनींचा तक्ता आत्ताच पाठ करा. आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला, आजी असेल तर उत्तमच, मोबाईलवर अर्धा तास बोलतं करा. मग ते शब्द न् शब्द कागदावर उतरवायला बसा, ‘च’ कुठला, ‘ज’ कुठला, ‘न’ की ‘ण’. हे रेकॉर्डिंग प्रबंधात बहुधा वापरता येणार नाही, कारण माहिती गोळा करण्याआधी तिथल्या एथिक्स समितीची मंजुरी लागते. पण सराव होतो, आणि मंजुरी आली की फोन कुणाला करायचा ते माहीत असतं.